गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या मोटरसायकलचं इग्निशन कसं तपासावं

पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी पोटात घेणारा छोटा डबा) आणि कॉइल (प्लगला जोरदार करंट देणारं वेटोळं) यांवर इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा, चालणाऱ्या जुन्या मोटरसायकलींची एक तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे, की ऐकताना पुढचं वाक्य आधीच कळतं. सकाळी एका किकमध्ये चालू होते, थोडा वेळ मस्त पळते आणि मग बंद. किका मारून पाय भरून येतो, पण ढिम्म हलत नाही. अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा चालू. तोवर मालकाने प्लग बदललेला असतो, कार्बोरेटर उघडून धुतलेला असतो, बहुधा कॉइलही नवी टाकलेली असते. तक्रार मात्र जागच्या जागी.

दोष असतो तापलेल्या गाडीत आणि तपासली जाते गार गाडी, खरी गोम ही आहे. गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर गाडी गार होते, प्लगला झकास करंट येतो आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. म्हणून खाली दिलेल्या पहिल्या दोन तपासण्या गाडी जिथे बंद पडेल तिथेच, इंजिन तापलेलं असतानाच करा. सोबत प्लग पाना, खात्रीचा एक जादा प्लग, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या), बारीक पॉलिश पेपर, टेस्ट लॅम्प आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेली फ्युजवाली वायर ठेवा. मल्टिमीटर असेल तर उत्तम. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉइंट, कंडेन्सर, प्लग एकदम बदलून गाडी सुधारली तर दोषी कोण होतं ते कधीच कळत नाही, आणि दोष परत आला की सगळं पहिल्यापासून.

लक्षणं

- तापल्यावर बंद, गार झाल्यावर चालू: कंडेन्सर किंवा कॉइल. पण टाकीचं झाकण आणि बॅटरीही हेच सोंग आणतात, त्याबद्दल पुढे.
- स्विच फिरवल्यासारखी एका क्षणात बंद: बहुतेक वेळा करंटचा दोष. धाप लागल्यासारखी हळूहळू दम सोडत बंद झाली तर आधी पेट्रोल बघा.
- खड्ड्यात आपटली की मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं), हँडल वळवलं की बंद: लूज वायर किंवा स्विच.
- पावसात किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग: प्लग कॅप (प्लगवर बसणारी टोपी), एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर).
- कमी स्पीडला ठीक, वर नेली की अडखळते: पॉइंटचा गॅप, पॉइंटची ढिली स्प्रिंग, कधी प्लग.
- किक उलटी मारते: टायमिंग (ठिणगी उडण्याची वेळ) पुढे गेलंय किंवा अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर आणणारी) अडकली आहेत.
- ओढ कमी, इंजिन फार तापतं, सायलेन्सर निळा पडतो: टायमिंग मागे पडलंय.
- पॉइंट वारंवार जळतात: कंडेन्सर, किंवा गाडीला न जुळणारी कॉइल.

टाकीचं झाकण उघडून बघा

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पुरत नाही. गाडी बंद पडते, थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. लक्षण हुबेहूब तापलेल्या कॉइलचं. बंद पडल्यावर लगेच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लागलीच चालू झाली तर इग्निशनला हातही लावू नका, भोक साफ करा.

प्लगला करंट, गाडी गरम असतानाच

प्लग काढा, त्याचा रंग बघून घ्या आणि बाजूला ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, ओला तेलकट म्हणजे तेल वर चढतंय किंवा प्लग पेटतच नाहीये, पांढराफटक म्हणजे इंजिन फार गरम चाललंय.

आता जादा प्लग कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडू शकतो. कार्बोरेटर गळत असेल तर ही तपासणी करूच नका. प्लग टेकवल्याशिवाय किक मारू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. करंटला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतलं इन्शुलेशन फोडून वाट काढतो आणि चांगली कॉइल त्या तपासणीतच मरते.

सावलीत निळसर, टक्‌ असा आवाज करणारी ठिणगी दिसली आणि तरीही गाडी चालू होत नसेल तर दोष पेट्रोलचा, टायमिंगचा किंवा काढलेल्या प्लगचाच. पिवळी, नारिंगी, बारीक ठिणगी म्हणजे करंट आहे पण कमजोर. काहीच नाही, तर पुढे चला. उघड्या हवेतली ठिणगी इंजिनच्या आतल्यापेक्षा सहज उडते. त्यामुळे बाहेर जेमतेम दिसणारी ठिणगी आत दाबाखाली बहुतेक उडतच नसते.

जादा प्लगवर चांगला करंट आणि जुन्यावर काही नाही, तर काम तिथेच संपलं. पॉइंटवाल्या बहुतेक गाड्यांना प्लगचा गॅप ०.५ ते ०.६ मिलिमीटर लागतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी ठेवतात तेवढा मोठा गॅप जुन्या कॉइलवर लादला की ती तापल्यावर दमते.

प्लग कॅप आणि एचटी वायर

कॅप पिळून एचटी वायरवरून काढा. वायरच्या टोकाची तार काळी-हिरवी पडली असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट पिळा. मल्टिमीटर असेल तर कॅप मोजा. रेझिस्टरवाल्या कॅपमध्ये साधारण ५ हजार ओहम दिसतात. त्याच्या कितीतरी पट दाखवलं किंवा काहीच दाखवलं नाही तर कॅप गेला. आतला रेझिस्टर तापल्यावर सुटतो, आणि इतकी किरकोळ वस्तू कुणी मोजत नाही. रेझिस्टरवाला प्लग आणि रेझिस्टरवाला कॅप अशी जोडीही जुन्या कमजोर कॉइलवर टाळलेली बरी.

रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरकडे बघा. कुठे निळ्या रेषा नाचताना दिसल्या तर तिथून करंट गळतोय. हात लावू नका, नुसतं बघा.

बॅटरी, स्विच आणि वायरिंग

बॅटरीचं सोंग ओळखायला सर्वांत अवघड. चार्जिंग बंद असेल तर गाडी नुसत्या बॅटरीवर पळत राहते. बॅटरी उतरली की बंद. थोडा वेळ थांबलं की बॅटरी विश्रांतीने थोडी सावरते, गाडी चालू होते, आणि सगळे म्हणतात गरम झाल्यामुळेच बंद पडली. फरक ओळखायचा तर दिवे बंद ठेवून चालवून बघा. दिवे लावल्यावर लवकर आणि न लावल्यावर बऱ्याच उशिरा बंद पडत असेल तर उष्णतेचा काही संबंध नाही. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास आणि ६ व्होल्टची ६.३ च्या आसपास दाखवते. इंजिनचा वेग वाढवल्यावर हा आकडा स्पष्ट वर चढला पाहिजे, १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १४ पर्यंत. चढत नसेल तर चार्जिंग बघा, इग्निशन नंतर.

मग कॉइलला मिळणारा करंट. इथे भले भले फसतात. पॉइंट उघडे असताना कॉइलच्या टर्मिनलवर मीटर लावला तर गंजलेल्या स्विचमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण करंट वाहतच नसतो. किक हळू दाबून पॉइंट मिटवा, चावी चालू करा आणि आता मोजा. बॅटरी आणि कॉइल यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर स्विच, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), फ्युज होल्डर आणि जोड एकेक करून साफ करा. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट एक वेळ खपून जाईल, पण ६ व्होल्टच्या गाडीत तो जवळपास बारावा हिस्सा आहे. मोजून झालं की चावी लगेच बंद. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली की कॉइल नुसती भाजत राहते.

मीटर नसेल तर सोपा उपाय आहे. कॉइलची स्विचकडून येणारी वायर काढा आणि चिमट्यांची फ्युजवाली वायर बॅटरीपासून थेट त्या टर्मिनलला लावा. त्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला जोडलंय, हे बघून घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असते. अर्थ नसलेल्या टर्मिनलवरून वायर घ्यायची. अशी जोडल्यावर गाडी व्यवस्थित पळाली तर दोष स्विच आणि वायरिंगमध्ये आहे, कॉइल-कंडेन्सर निर्दोष. इंजिन बंद करायला मात्र ही वायरच काढावी लागेल, हे विसरू नका.

पॉइंट

माझ्या अनुभवात वारंवार येणाऱ्या तक्रारींचं मूळ सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतं. म्हणून घाई नको.

पॉइंट बोटाने उघडून उजेडात तोंडं बघा. राखाडी, मळकट पण सपाट असतील तर नुसती साफसफाई पुरते. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर त्याच मापाचा टोकदार उंचवटा असेल तर धातू एकीकडून उडून दुसरीकडे साचतोय, म्हणजे कंडेन्सरवर संशय. अशा पॉइंटवर फिलर गेजही खोटं बोलतं. पाती उंचवट्याच्या टोकाला अडते, प्रत्यक्ष गॅप त्याहून जास्त असतो. उंचवटा बारीक कानशीने सपाट करा, खड्डा पूर्ण घालवायच्या भानगडीत पडू नका. खोल असेल तर पॉइंटच बदला. कानस किंवा पॉलिश पेपर लावल्यावर स्पिरिटमध्ये बुडवलेला कोरा जाड कागद मिटलेल्या तोंडांमधून ओढा, तो काळा यायचा थांबेपर्यंत. पेपरचा एक कण जरी तोंडात राहिला तरी तिथे करंट तुटतो.

नवीन पॉइंट टाकल्यावर करंटच येत नाही, ही हमखास ऐकू येणारी तक्रार. गंज लागू नये म्हणून नव्या पॉइंटच्या तोंडांवर तेलाचा पातळ थर असतो. तो पुसल्याशिवाय काम होत नाही. दुसरी शक्यता फायबरच्या वॉशरची. पॉइंटची स्प्रिंग आणि वायरचं टर्मिनल हे प्लेटपासून पूर्ण अलग राहिलं पाहिजे. वॉशरचा क्रम चुकला की पॉइंट कायमचे अर्थ होतात, उघडले-मिटले तरी कॉइलला काही कळतच नाही. कॉइलची आणि कंडेन्सरची वायर काढून पॉइंट उघडे ठेवा आणि हलत्या पट्टीपासून बॉडीपर्यंत मीटरने तपासा. संपर्क दाखवला तर वॉशर चुकलेत.

गॅप मोजायचा तो कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वांत उंच जागी. बॅटरी-कॉइलच्या बऱ्याच गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, मॅग्नेटोत (बॅटरीशिवाय स्वतः करंट बनवणाऱ्या यंत्रात) साधारण ०.३०. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा मात्र अंतिम. पाती कोरडी पुसलेली हवी, नाहीतर साफ केलेल्या तोंडांना तेल लागतं. गॅप फार कमी असेल तर करंट स्वच्छ तुटत नाही आणि पॉइंट जळतात. फार जास्त असेल तर पॉइंट मिटलेले राहण्याचा वेळ घटतो, कॉइल पुरेशी भरत नाही आणि वरच्या वेगाला मिसिंग येतं.

कॅमवर टेकणारा फायबरचा तुकडा झिजला की गॅप कमी होत जातो आणि सोबत टायमिंगही मागे पडतं. गॅप दर थोड्या दिवसांनी बदलत असेल तर कॅमवर ग्रीस आहे का बघा. अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकंच लावायचं. जास्त लावलं की तापल्यावर ते पॉइंटवर उडतं आणि पुन्हा तीच रड. ग्रीस असूनही गॅप टिकत नसेल तर कॅमचा शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजलंय आणि गॅप कितीही वेळा लावला तरी तो टिकणार नाही.

कंडेन्सर

पॉइंट उघडताना त्यांच्यात करंट उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो करंट पोटात घेतो, म्हणून कॉइलमधला प्रवाह झटक्यात तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर आतून तुटला तर पॉइंटवर ठळक पांढरी-निळी ठिणगी दिसते आणि प्लगवर मरतुकडी पिवळी. किक मारताना पॉइंटकडे बघितलं की कळतं. बारीकशी चमक चालते, लखलखाट नाही. आतून शॉर्ट झाला तर करंट पूर्ण बंद. अशा वेळी कंडेन्सरची वायर तात्पुरती काढा. प्लगवर कमजोर का होईना ठिणगी आली तर कंडेन्सर शॉर्ट आहे.

तापल्यावर बंद पडण्याच्या तक्रारीत माझा पहिला संशय कॉइलपेक्षा यावरच असतो. बऱ्याच गाड्यांत तो पॉइंटच्या प्लेटवर, इंजिनच्या अगदी अंगाला चिकटून बसवलेला असतो आणि सगळी उष्णता खातो. मल्टिमीटरवर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड दाखवलं म्हणजे तो चांगला, असंही नाही. मीटर कमी व्होल्टेजवर मोजतो, प्रत्यक्षात पॉइंटवर काहीशे व्होल्टचा झटका बसतो आणि गळती तेव्हाच होते. त्यामुळे खात्रीचा दुसरा कंडेन्सर लावून बघणं हीच खरी परीक्षा. योग्य क्षमतेचा बाहेरून लावा, बॉडी चांगल्या अर्थवर घट्ट कसा, वायर पॉइंटच्या टर्मिनलला जोडा आणि जुन्याची वायर सोडा. गाडी सुधारली तर तो तसाच बाहेर, कॉइलजवळ थंड जागी, कायमचा ठेवायलाही हरकत नाही. दिसायला मूळ गाडीसारखं नसतं, पण रस्त्यात उभं राहण्यापेक्षा बरं.

कॉइल

इथवर सगळं ठीक निघालं तरच कॉइल. आधी तिच्यावर लिहिलेलं व्होल्टेज वाचा. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टची करताना जुनीच कॉइल ठेवली असेल तर तिच्यातून जवळपास दुप्पट करंट जातो. ती भाजते, पॉइंट जळतात, तापल्यावर गाडी बंद पडते. १२ व्होल्टच्या कॉइलचं प्रायमरी (बॅटरीकडचं वेटोळं) बहुधा ३ ते ४.५ ओहम असतं, ६ व्होल्टच्या कॉइलचं १ ते २. सेकंडरी (प्लगकडचं वेटोळं) काही हजार ओहम, नेमका आकडा मॉडेलप्रमाणे.

एकदा गार असताना मोजून लिहून ठेवा आणि गाडी बंद पडल्यावर तापलेली मोजा. गरम झाल्यावर ओहम थोडे वाढणारच. पण अचानक काहीच दाखवलं नाही तर आतली तार तापल्यावर सुटतेय. दोन्ही आकडे बरोबर येऊनही वेटोळ्यांमधलं इन्शुलेशन गेलेलं असू शकतं, म्हणून पुन्हा अदलाबदल हाच शेवटचा निवाडा. दोन सिलेंडर आणि दोन कॉइलच्या गाडीत हे काम सोपं आहे. डाव्या-उजव्या कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलसोबत दुसऱ्या बाजूला गेला तर ती कॉइलच खराब.

टायमिंग आणि अ‍ॅडव्हान्स

आधी गॅप, मग टायमिंग, उलटं कधीच नाही. गॅप हलवला की टायमिंग हलतंच. पॉइंटच्या टर्मिनल आणि बॉडीमध्ये छोटा बल्ब लावा, चावी चालू करा, इंजिन हाताने हळू फिरवा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा, आणि तेव्हा मॅन्युअलमधली खूण जुळली पाहिजे. अ‍ॅडव्हान्सची वजनं बोटाने उघडून सोडा, ती आपोआप झटकन परत यायला हवीत. रेंगाळत असतील तर साफ करून हलकं तेल द्या, स्प्रिंग ताणलेल्या असतील तर बदला. अडकलेली वजनं तशीच ठेवून किक मारू नका. उलट्या किकने घोटा मोडतो, हे अतिशयोक्त नाही.

मॅग्नेटो असेल तर

बॅटरीवाल्या गाडीत स्विच करंट तोडतो. मॅग्नेटोत उलटं: गाडी बंद करायची असते तेव्हा स्विच करंट अर्थला देतो. म्हणजे सोललेली एक वायर फ्रेमला टेकली तरी करंट गायब. पहिलं काम, किल स्विचची वायर मॅग्नेटोवरून सोडवा. करंट आला तर दोष स्विच किंवा त्या वायरचा. चालू झालेली गाडी मग वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करावी लागेल.

नंतर पिक-अप (मॅग्नेटोतून प्लगकडे करंट नेणारा भाग) काढून आतला कार्बन ब्रश आणि तो ज्यावर घासतो ती स्लिप रिंग बघा. काळी धूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसली तरी बराच फरक पडतो. टू-स्ट्रोक गाड्यांच्या फ्लायव्हील मॅग्नेटोत पॉइंटवर तेल दिसलं तर क्रँकचं ऑइल सील गेलंय, पॉइंट पुसत बसू नका.

इथे थांबा

फ्लायव्हील काढायला योग्य पुलर (खेचून काढायचं हत्यार) नसेल तर थांबा. हातोड्याने ठोकून काढलेलं फ्लायव्हील क्रँकचा टेपर (निमुळतं टोक) आणि मॅग्नेट दोन्ही घेऊन जातं. फ्लायव्हीलची चावी (ते क्रँकवर जागच्या जागी धरणारी छोटी पट्टी) तुटलेली किंवा खाचेत ढिली निघाली तरीही थांबा, कारण ते काम क्रँक बघितल्याशिवाय होत नाही. जुन्या मॅग्नेटोचा आर्मेचर (आतला फिरणारा वेटोळ्यांचा भाग) घरी बाहेर काढू नका. सेफ्टी स्क्रू आणि ब्रश आधी काढले नाहीत तर स्लिप रिंग तुटते, आणि कीपर (चुंबकाला लावायचा लोखंडी तुकडा) न लावता आर्मेचर काढला तर जुन्या चुंबकाची ताकद कमी होते. गरम झाल्यावर करंट सोडणारा आर्मेचर रिवाइंडिंगवाल्याकडेच द्यायचा, त्याला घरगुती इलाज नाही. कॅमच्या बुशमध्ये खेळ, वितळलेली वायरिंग, फ्युज पुन्हा पुन्हा उडणं, टायमिंग जुळवूनही उलटी बसणारी किक, यांपैकी काहीही दिसलं तर जुन्या गाड्यांचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडे जा.

जाताना कागदावर लिहून न्या: किती वेळाने बंद पडते, एकदम की हळूहळू, बंद पडल्यावर प्लगला करंट होता का, दिवे लावल्याने फरक पडतो का, आणि आजवर काय काय बदललंय. काढलेले जुने पार्टही सोबत न्या. त्यांतला एखादा चांगलाच असतो.